अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर आणि त्यांचे राजकारण : प्रस्तावना

भीमराव रामजी आंबेडकर यांनी परदेशात मिळवलेल्या पदव्यांतून बॅरिस्टरी वगळली, तर उरलेल्या सर्व पदव्या अर्थशास्त्राच्या आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची एम.एस्सी. आणि डी.एस्सी. अशा त्या चार पदव्या. त्यांची पहिली मोठी नोकरी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची होती. त्यांचे पहिले दोन मोठे ग्रंथ चलन आणि सार्वजनिक वित्त या विषयांवरचे असून ते लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने काढले. 1925 नंतर मात्र त्यांनी अर्थशास्त्रावर तेवढ्या विस्ताराचा ग्रंथ लिहिला नाही. त्यामुळे चरित्रकारांच्या लेखणीत अर्थशास्त्रज्ञ आंबेडकर विद्यार्थीदशेच्या प्रकरणात येतात आणि तिथेच मागे राहतात. पुढची पाने महाड, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान आणि धर्मांतर यांनी भरतात.

ही मांडणी अपुरी आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात, परळच्या कामगार वस्तीत आणि दिल्लीच्या मजूर खात्यात आंबेडकरांनी जे राजकारण केले, त्याची हत्यारे त्यांनी अर्थशास्त्राच्या अभ्यासातूनच घडवली होती. सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासकाला एक प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारावा लागतो : या कराचा, या धोरणाचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर पडतो? आंबेडकरांच्या कारकिर्दीत हा प्रश्न कोलंबियातील प्रबंधापासून राज्यसभेतील भाषणांपर्यंत सतत दिसतो.

आंबेडकरांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहू लागले. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाला आणि 1907 साली मॅट्रिक झाला. त्याच्या सत्काराला कृष्णराव अर्जुन केळुसकर उपस्थित होते. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यात त्यांचाच हात होता. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेईपर्यंत कुटुंब परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहायला गेले होते. 1896 च्या प्लेगनंतर शहराच्या सुधारणेसाठी जो ट्रस्ट उभा राहिला, त्याने गिरणगावात बांधलेल्या या चाळींत एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड राहत असे. आंबेडकरांकडे दोन खोल्या होत्या. 1934 च्या सुमारास दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या घरात जाईपर्यंत त्यांचा पत्ता हाच होता. चलनपद्धतीवर शाही आयोगापुढे साक्ष देणारा अर्थशास्त्रज्ञ या पत्त्यावर राहत होता.

1913 च्या जुलै महिन्यात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. करभार एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो आणि शेवटी कोठे स्थिरावतो, यावरचा सेलिग्मन यांचा ग्रंथ तेव्हा या विषयात प्रमाण मानला जात होता. या गुरूची छाप शिष्याच्या लेखनावर स्पष्ट आहे. 1915 साली एम.ए.साठी सादर केलेला प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविषयी आणि वित्तव्यवस्थेविषयी होता. कंपनीच्या महसुलात जमीनसाऱ्याचा आणि मिठासारख्या करांचा वाटा किती, खर्च कशावर होतो, लोकोपयोगी कामांच्या वाट्याला त्यातले किती येते, याची तपासणी त्यात आहे. 1858 साली कंपनी गेली. तिचे कर्ज मात्र भारताच्या खात्यावर राहिले. राज्यकर्ता बदलला, देणेकरी तोच राहिला, ही गोष्ट हा प्रबंध आकड्यांनिशी दाखवतो.

पीएच.डी.चा विषय अधिक तांत्रिक होता : ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था. 1833 च्या सनदेने सगळी आर्थिक सत्ता मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. प्रांतांनी खर्च करायचा आणि पैसे कलकत्त्याने पुरवायचे, अशी रचना झाल्याने काटकसरीची जबाबदारी कोणावरच राहिली नाही. जो प्रांत जास्त ओरडेल त्याला जास्त मिळे. 1870 साली लॉर्ड मेयोने या पद्धतीत बदल सुरू केला. प्रथम प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देण्यात आल्या, मग काही महसुलाची खाती त्यांच्याकडे सोपवली गेली, आणि 1882 पासून प्रमुख महसूल केंद्र व प्रांत यांच्यात वाटून घेण्यात येऊ लागला. आंबेडकरांनी हे तीन टप्पे वेगळे करून प्रत्येकाचा हिशेब मांडला. प्रांतांना स्वायत्तता मिळाली असे वरवर दिसत असले, तरी खरी किल्ली मध्यवर्ती सरकारच्याच हाती होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा ग्रंथ 1925 साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला आणि 1927 साली कोलंबियाने पीएच.डी. दिली. केंद्र आणि राज्ये यांनी महसूल कसा वाटून घ्यावा हा प्रश्न संविधानसभेत पुन्हा आला, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या आंबेडकरांना तो नवा नव्हता. या वाटपासाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तरतूद संविधानाच्या 280 व्या अनुच्छेदात आहे.

1916 साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले आणि पुस्तकेही गेली. बडोद्याच्या नोकरीत जातीमुळे राहायला घर मिळाले नाही, म्हणून ते मुंबईला परत आले. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात त्यांची अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. पगार महिना 450 रुपये होता.

त्याच वर्षी त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुंबई इलाख्यात तेव्हा तुकडेबंदीची आणि तुकडेजोडीची चर्चा जोरात होती. जमीन वाटण्यांमुळे बारीक होत जाते, म्हणून वाटण्यांवर निर्बंध घाला, असा अधिकाऱ्यांचा आणि काही अर्थशास्त्रज्ञांचा सल्ला होता. आंबेडकरांनी मुळालाच हात घातला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीवर किती भांडवल आणि किती श्रम लावता येतात, त्यावर ते ठरते. बैलजोडी, नांगर आणि खत यांना पैसा नसेल, तर मोठा तुकडाही तोट्यात जातो. लहान तुकडा हे रोगाचे लक्षण आहे. रोग आहे शेतीवर साचलेले जादा मनुष्यबळ. ते उद्योगधंद्यात काढून नेल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. भारतीय शेतीचा उपाय औद्योगिकीकरणात आहे हे म्हणणे नियोजन आयोगाच्या काळात सर्वमान्य झाले. 1918 साली ते अल्पमतात होते.

प्राध्यापकी चालू असतानाच सार्वजनिक जीवनाला सुरुवात झाली. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी मताधिकाराविषयीच्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. 31 जानेवारी 1920 रोजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. मार्च 1920 मध्ये त्यांनी सिडनहॅमचा राजीनामा दिला. पगारातून साठवलेले पैसे, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर ते अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले.

लंडनमध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रूपी’ हा प्रबंध त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनाचा कळस आहे. त्याची पार्श्वभूमी अशी. चांदीचा भाव जगभर पडत गेल्यामुळे 1893 साली सरकारने टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद केल्या. पुढे रुपयाचा दर 1 शिलिंग 4 पेन्सवर टिकवण्यासाठी जी व्यवस्था तयार झाली तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. या व्यवस्थेत देशात सोन्याचे नाणे चालत नाही. लंडनमध्ये राखलेल्या निधीच्या बळावर सरकार विनिमय दर सांभाळते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1913 च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची वाखाणणी केली होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की परदेशी हुंडीचा दर स्थिर आहे म्हणून रुपयाची देशातली खरेदीशक्तीही स्थिर आहे असे होत नाही, आणि सामान्य माणसाचा संबंध खरेदीशक्तीशी असतो. नाणी किती पाडायची हे सरकारच्या मर्जीवर राहिले तर चलन वाढत जाते आणि भाव चढतात. म्हणून टांकसाळ सरकारलाही बंद करावी, रुपयांच्या संख्येवर पक्की मर्यादा घालावी आणि सोन्याचे नाणे चालू करावे, असा उपाय त्यांनी सुचवला.

परीक्षकांनी प्रबंधात फेरफार करायला सांगितले. सुधारलेला प्रबंध स्वीकारला जाऊन 1923 साली डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षअखेरीस पुस्तक निघाले. कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. सुवर्ण विनिमय परिमाणावरील शिष्याचा रोष आपल्याला मान्य नाही असे सांगूनही त्यांनी त्याच्या मांडणीतील ताजेपणाची दाद दिली.

पुढे रुपयाचा दर 1 शिलिंग 4 पेन्स ठेवावा की 1 शिलिंग 6 पेन्स, यावर देशात मोठा वाद पेटला. स्वस्त रुपयाने निर्यात वाढते म्हणून गिरणीमालक आणि व्यापारी पहिल्या दराच्या बाजूचे होते, आणि राष्ट्रीय मतही त्यांच्यामागे होते. आंबेडकरांनी हिशेबाची दुसरी बाजू पुढे ठेवली. दर पडला की भाव चढतात. मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे निर्यातदाराच्या हाती येणारा नफा परदेशातून येत नाही, तो देशातल्याच रोजंदाराच्या खिशातून काढलेला असतो. परळच्या चाळीतून मांडलेला हा मुद्दा स्थानिक होता आणि शास्त्रशुद्धही.

1925 च्या डिसेंबरात त्यांनी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. या आयोगाने 1926 साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, 1934 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्यावरून ही बँक आंबेडकरांच्या कल्पनेतून उभी राहिली असे सर्रास सांगितले जाते. हे विधान ताणलेले आहे. मध्यवर्ती बँकेची चर्चा त्यांच्या आधीपासून चालू होती. केन्स यांनीही तिचा आराखडा मांडला होता. आयोगाने सुवर्णनाण्याचा आंबेडकरांचा उपाय स्वीकारलाही नाही. चलनपुरवठा सरकारच्या लहरीवर सोडू नये हा त्यांचा आग्रह मात्र पुढच्या काळातही टिकला. त्यांचे श्रेय तेवढे सांगितले तरी ते मोठे आहे.

1923 साली मुंबईला परतल्यावर त्यांनी हायकोर्टात वकिली सुरू केली. उत्पन्न बेताचे असल्याने बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. 1924 च्या मार्चमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. या सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्येच होते. शिक्षणाबरोबर अस्पृश्य वर्गाची आर्थिक स्थिती सुधारणे हा सभेच्या उद्दिष्टांचा भाग होता.

1927 च्या फेब्रुवारीत ते मुंबई कायदे कौन्सिलचे सरकारनियुक्त सदस्य झाले. त्याच महिन्यात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. आयकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट असते, पण शेतसारा एका एकराच्या कुणब्यालाही चुकत नाही. पीक बुडाले तरी देणे राहते. दोन करांमधला हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लहान शेतकऱ्यांविषयीचे सरकारी विधेयक आले. तुकडे रोखण्यासाठी वारसांचे हक्क मर्यादित करण्याचा त्याचा रोख होता. आंबेडकरांनी त्याला विरोध केला : वाटा नाकारलेला भाऊ भूमिहीन मजूर होईल, आणि शेतीला भांडवल मात्र मिळणार नाही. त्यापेक्षा मालकी राखून सहकारी पद्धतीने शेती करावी, असे त्यांनी सुचवले. नऊ वर्षांपूर्वीचा निबंध आता विधिमंडळात बोलत होता.

1928 साली त्यांनी महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. वतनी महाराने सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस करायची आणि मोबदल्यात जमिनीचा लहान तुकडा, नाममात्र सरकारी वेतन आणि गावाकडून बलुते घ्यायचे, अशी ही रीत होती. बलुते देणे गावाच्या मर्जीवर असल्याने स्वाभिमानाने वागू पाहणाऱ्या महाराची कोंडी करणे गावाला सोपे जात असे. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत करावे आणि जमिनीचा पूर्ण सारा भरणाऱ्याला चाकरीतून मोकळे करावे, अशा तरतुदी या विधेयकात होत्या. सामाजिक गुलामगिरी वेतनाच्या पद्धतीने कशी टिकवली जाते, याचे हे विश्लेषण होते. विधेयक मंजूर झाले नाही; वतने अखेर 1958 च्या कायद्याने गेली.

त्याच वर्षी जुलैमध्ये गिरणीत काम करणाऱ्या बायांना बाळंतपणाची सवेतन रजा देण्याचे विधेयक कौन्सिलापुढे होते. खर्च वाढेल म्हणून मालकांचा विरोध होता. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार खरे तर सरकारने उचलावा; पण बाईच्या श्रमाचा फायदा ज्या मालकाला होतो त्याने आपला वाटा टाळता कामा नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला.

मुंबईच्या गिरण्यांचा अर्थव्यवहार त्यांनी जवळून पाहिला होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले अस्पृश्य कामगार गिरणीत होते, पण चांगल्या मजुरीच्या साचे (विणकाम) खात्यात त्यांना घेत नसत. विणताना कांडी बदलली की धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. 1928 च्या मोठ्या संपात कामगार पुढाऱ्यांनी मालकांपुढे मागण्यांची यादी ठेवली. सगळी खाती सगळ्यांना खुली करण्याची मागणी तिच्यात घाला, असा आंबेडकरांनी आग्रह धरला. कामगार एकीची भाषा बोलणाऱ्या संघटनेतच मजुरीची दोन दरपत्रके होती. जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नसून श्रम करणाऱ्यांची उतरंड आहे, आणि योग्यतेनुसार काम मिळू न देणारी म्हणून ती अर्थदृष्ट्याही नुकसानीची आहे, हा 1936 मधील ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चा मुद्दा साचे खात्याच्या दारात सिद्ध झालेला होता.

गोलमेज परिषदा आणि 1932 चा पुणे करार यांनी त्यांना देशपातळीवर नेले. 1936 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती, आणि कार्यक्रमात कूळ, भूमिहीन आणि गिरणी कामगार यांचे प्रश्न पुढे होते. 1937 च्या निवडणुकीत पक्षाने उभ्या केलेल्या 17 उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. स्वतः आंबेडकर भायखळा-परळ मतदारसंघातून विजयी झाले. काँग्रेसतर्फे त्यांच्याविरुद्ध उभे होते बाळू पालवणकर, गाजलेले फिरकी गोलंदाज. एकेकाळी अस्पृश्य समाजाचा अभिमान असलेल्या या खेळाडूशी लढत देण्याची वेळ यावी, हे त्या काळच्या राजकारणाचे वैशिष्ट्य.

सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला होता. सारा गोळा करणे हे त्याचे काम. पण कुळाकडून तो त्याहून कितीतरी अधिक वसूल करी. खोताला वाजवी भरपाई देऊन कुळांना थेट कब्जेदार करावे, हा विधेयकाचा गाभा होता. हा प्रश्न मुंबईपासून दूरचा नव्हता. लालबाग-परळचा गिरणी कामगार पुष्कळदा याच कुळांचा मुलगा होता, आणि त्याची मनीऑर्डर अखेर खोताच्या घरी पोचत असे. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत आले आणि त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. शामराव परुळेकर, इंदुलाल याज्ञिक आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते आंबेडकरांबरोबर होते. विधेयक तेव्हा पुढे गेले नाही. खोती 1949 च्या कायद्याने संपली.

1938 सालीच मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहांविषयीचे विधेयक आणले. त्यात समझोत्याची लांबलचक प्रक्रिया पार पडण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरत होता. आंबेडकरांनी विधिमंडळात याच्यावर कडाडून टीका केली. नोकरीचा करार मोडणे ही दिवाणी बाब आहे. तिला फौजदारी गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणे. 6 नोव्हेंबरला परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली आणि 7 नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. या संपात आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांगे एका बाजूला उभे होते. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांची ही एकजूट फार टिकली नाही. आंबेडकरांना भांडवलशाहीइतकाच ब्राह्मणशाहीशीही झगडा हवा होता, आणि कम्युनिस्टांच्या सिद्धांतात दुसऱ्या झगड्याला स्वतंत्र जागा नव्हती.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांच्या बाजूने भांडणारा माणूस आता मालक, कामगार आणि सरकार यांच्या त्रिपक्षीय परिषदांचा अध्यक्ष होता. रोजगार विनिमय केंद्रे याच काळात उभी राहिली. त्यांच्या खात्याने अर्थतज्ज्ञ बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली. 1944 च्या त्यांच्या अहवालातून पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 करणारी दुरुस्ती 1946 साली झाली. सिंचन आणि वीजही याच खात्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना आणि जलमार्ग, पाटबंधारे व वीज यांच्यासाठी नेमलेल्या केंद्रीय तांत्रिक संस्था त्यांच्या कारकिर्दीत आकाराला आल्या. शेतीवरचे जादा लोक उद्योगात न्यायचे तर आधी वीज आणि पाणी हवे, हा 1918 च्या निबंधाचा पुढचा भाग होता.

या काळाचा हिशेब एकतर्फी नाही. युद्धामुळे कोळशाची टंचाई झाली, तेव्हा 1943 साली सरकारने स्त्रियांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली. बाळंतपणाच्या रजेसाठी भांडलेल्या मंत्र्याला विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन करावे लागले. पुरुषांइतकीच मजुरी देण्याची अट घातल्याचे त्यांनी सांगितले. 1946 च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसलेल्या अर्थशास्त्रज्ञाला आपल्याच तत्त्वांना मुरड घालावी लागते, त्याचे हे उदाहरण आहे.

1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी संविधानसभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. मूलभूत उद्योग आणि विमा सरकारी मालकीचे असावेत, शेतजमीन सरकारने घेऊन सामुदायिक शेती करावी, आणि ही आर्थिक रचना बदलत्या बहुमताच्या हाती न सोडता संविधानातच लिहावी, अशी त्यात मागणी आहे. संविधानाचा मसुदा त्यांच्याच अध्यक्षतेखाली तयार झाला, पण या मागण्या त्यात आल्या नाहीत. आर्थिक न्यायाचा आशय मार्गदर्शक तत्त्वांत गेला, आणि त्यांची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येत नाही. संविधानसभेतील अखेरच्या भाषणात त्यांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्यातील विसंगतीचा इशारा दिला. तो मागणी मान्य न झालेल्या अर्थशास्त्रज्ञाचा इशारा होता.

मुंबईच्या प्रश्नातही त्यांचे अर्थशास्त्र पुढे आले. भाषिक प्रांतांविषयी 1948 साली दिलेल्या निवेदनात, मुंबई महाराष्ट्रात गेली तर तिचा व्यापार बुडेल हा आक्षेप त्यांनी फेटाळला. 1955 मध्ये मात्र त्यांनी मत बदलले आणि मुंबई शहराचे वेगळे राज्य करून मराठी प्रदेशाची एकूण चार राज्ये करावीत, असे सुचवले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला हे पटणारे नव्हते.

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी केंद्रातील कायदेमंत्रिपद सोडले. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे 14 हजार मतांनी हरले. ज्या परळने त्यांना 1937 साली निवडून दिले होते, त्याच शहरातला हा पराभव होता. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले आणि अर्थसंकल्पावरील भाषणात संरक्षणाच्या खर्चावर टीका करू लागले. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांचा पराभव झाला. दरम्यान त्यांनी शिक्षणसंस्था उभ्या केल्या होत्या : 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, आणि 1953 साली वाणिज्य व अर्थशास्त्राचे वेगळे सिद्धार्थ कॉलेज. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

त्यांचे अर्थशास्त्रीय लेखन दीर्घकाळ दुर्मीळ होते. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात, 1989 साली, ते एकत्र आले आणि त्यानंतर अभ्यासाला वेग आला. अर्थशास्त्रातून सार्वजनिक जीवनात जाण्याची वाट पुढे भालचंद्र मुणगेकर आणि नरेंद्र जाधव या मुंबईत वाढलेल्या अर्थतज्ज्ञांनीही धरली. दोघेही राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले.

आंबेडकरांची काही आर्थिक मते आज कालबाह्य आहेत. सोन्याच्या नाण्याचा आग्रह जगाने केव्हाच सोडला. सामुदायिक शेतीचा अनुभव जिथे जिथे घेतला गेला तिथे तो फारसा सुखाचा ठरला नाही. टिकून राहिली ती त्यांची पद्धत : प्रत्येक कायद्याचा, दराचा आणि रूढीचा भार कोणावर पडतो हे आधी आकड्यांत मोजायचे आणि मग भूमिका घ्यायची. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने आधी 1918 चा शेतीच्या तुकड्यांवरचा निबंध वाचावा, मग मुंबई कौन्सिलातील 1927 आणि 1928 ची भाषणे, आणि शेवटी 1947 चे निवेदन. या क्रमाने वाचले की प्राध्यापक आंबेडकर आणि पुढारी आंबेडकर अशी वाटणी करण्याला आधार उरत नाही.